गुडघ्यातलं स्टिरॉइड इंजेक्शन

झिजलेल्या, सुजलेल्या गुडघ्याच्या सांध्यात थेट सुईने स्टिरॉइड औषध सोडायचं, या उपचाराला आपल्याकडे नुसतं 'गुडघ्यातलं इंजेक्शन' म्हणतात. ठाण्यात नौपाडा-चरईकडे किंवा वाशी-नेरुळला साठीच्या पुढच्या चार बायका एकत्र बसल्या की त्यातल्या एकीने तरी ते घेतलेलं असतं आणि दुसरीला कोणीतरी 'स्टिरॉइड आहे, अजिबात घेऊ नकोस' असं सांगून घाबरवलेलं असतं. दोघींनाही पूर्ण माहिती मिळालेली नसते म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहितोय.

आधी आजार कुठला ते. म्हातारपणी गुडघे दुखतात त्यातला बहुतेक वेळा असतो तो झिजेचा संधिवात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. हाडांच्या टोकांवर कूर्चेची गुळगुळीत गादी असते ती पातळ होत जाते, हाडाच्या कडेला टोकं वाढतात आणि सांध्याचं आतलं अस्तर सुजतं, त्यातूनच 'गुडघ्यात पाणी झालं' हा प्रकार होतो. आमवात हा वेगळा आजार, त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उठते आणि त्याची औषधंही वेगळी, त्यामुळे शेजारणीच्या आमवाताच्या गोळ्या आपल्या झिजेला लागू पडत नाहीत. पन्नाशीनंतर, पाळी गेल्यावर, हा झिजेचा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. वजन, जुनी दुखापत, घरातला वारसा ही कारणं आहेतच, आणि आयुष्यभर उकिडवं बसून केलेली कामंही गुडघ्यावर येतात. त्यात भर म्हणजे लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसरा मजला आणि हातात भाजीच्या दोन पिशव्या. जिना चढताना दुखतं पण उतरताना जास्त दुखतं, हे ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना सांगावं लागत नाही.

स्टिरॉइड म्हणजे इथे कॉर्टिकोस्टिरॉइड. जिममधली मुलं अंग फुगवायला घेतात ते वेगळं, त्याच्याशी याचा संबंध नाही. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या ग्रंथी असतात त्या कॉर्टिसॉल बनवतात, त्याच जातीचं हे औषध, आणि त्याचं मुख्य काम सूज उतरवणं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली फिलिप हेंच यांनी आमवाताच्या एका पेशंटला कॉर्टिसोन दिलं आणि जागची हलू न शकणारी बाई काही दिवसांत चालायला लागली, याच कामासाठी १९५० चं नोबेल हेंच, एडवर्ड केंडल आणि ताडेउश राइकश्टाइन या तिघांना मिळालं. मग पोटातून घेतल्यावर होणारे दुष्परिणाम दिसायला लागले आणि १९५१ च्या सुमारास जोसेफ हॉलंडर यांनी औषध सांध्यातच टोचायची पद्धत रुळवली. औषध जिथे हवं तिथे जास्त, बाकी अंगात कमी, हा त्यामागचा साधा विचार.

आज जास्त करून ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन वापरतात, गुडघ्याला साधारण ४० मिलिग्रॅम, कधी ८०. आईला पहिल्यांदा दिलं तेव्हा मी बाजूलाच उभा होतो. टेबलावर आडवं झोपवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली, तपकिरी बीटाडीनने तीनदा पुसलं, डॉक्टरांनी अंगठ्याने वाटी जरा बाजूला सरकवून तिची कड चाचपली आणि सुई घातली. आधी सिरिंजमध्ये पिवळसर, गवती रंगाचं पाणी ओढून घेतलं, जवळजवळ पाऊण सिरिंज, मग सुई तिथेच ठेवून सिरिंज बदलली. दुसऱ्या सिरिंजमधलं औषध दुधासारखं पांढरं, कारण ते विरघळलेलं नसतं, बारीक कण तरंगत असतात, म्हणून बाटली हलवून घ्यावी लागते. त्यात भूल द्यायचं लिग्नोकेन मिसळलेलं होतं. सगळं मिळून दहा मिनिटं. उठल्यावर आई म्हणाली, 'एवढंच?' आणि रिक्षापर्यंत माझा हात न धरता गेली. पण ते पहिल्या तासा-दोन तासांचं बरं वाटणं लिग्नोकेनचं असतं हे घरच्यांनी लक्षात ठेवा, नाहीतर संध्याकाळी परत दुखलं की वाटतं इंजेक्शन फुकट गेलं. खरा गुण एक-दोन दिवसांपासून आठवड्याभरात दिसतो. काहींना पहिले एक-दोन दिवस उलट जास्त ठणकतं, बर्फ लावला की ते बसतं.

गुण टिकतो किती, यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहे. साधारण काही आठवडे. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून बघितले तर दीड महिन्यापर्यंत फायदा दिसतो आणि सहा महिन्यांनी घेतलेल्या-न घेतलेल्यांत फरक उरत नाही. कोणाला तीन महिने बरं जातं, कोणाला पंधरा दिवस. गादी परत भरून येत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं कारण बऱ्याच जणी तेच समजून घेतात. उलट २०१७ साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला, १४० पेशंट, निम्म्यांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी ट्रायमसिनोलोन आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, तर स्टिरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त पातळ झाली (०.२१ मिलिमीटर, दुसऱ्यांची ०.१०) आणि दुखण्यात मात्र दोन्हीकडे फारसा फरक नाही. म्हणून वर्षाला तीन-चारच्या वर नको आणि दोन इंजेक्शनांत किमान तीन महिने हवेत, असं बहुतेक डॉक्टर पाळतात. माझं मत विचाराल तर दर तीन महिन्यांनी ठरलेल्या हप्त्यासारखं घेत राहणंही बरोबर नाही, खूप सूज आलीय, रात्री झोप लागत नाहीये, तेव्हा घ्यावं.

मग एवढ्या थोड्या दिवसांसाठी घ्यायचंच कशाला? कारण दुखत असताना व्यायाम होत नाही आणि व्यायामाशिवाय गुडघा सुधारत नाही. मांडीच्या पुढचा स्नायू दुखण्यामुळे वापरात राहत नाही, बारीक होतो, मग सगळा भार सांध्यावर येतो, मग अजून दुखतं. इंजेक्शनने जे चार-सहा आठवडे मोकळे मिळतात त्यात फिजिओथेरपी चालू करायची असते. आईच्या बाबतीत हे आम्हाला कोणी नीट सांगितलं नाही, पहिलं इंजेक्शन आम्ही असंच घालवलं, बरं वाटतंय म्हणून तिने तळावपाळीला, म्हणजे ठाण्यातल्या तलावाकाठी, रोज दोन फेऱ्या चालू केल्या आणि गुडघ्याखाली उशी दाबायचा साधा व्यायामसुद्धा केला नाही, दोन महिन्यांनी आम्ही जिथे होतो तिथेच. याची चुटपुट मला अजून आहे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या लष्करी दवाखान्यांत १५६ जणांवर झालेल्या अभ्यासातही वर्षअखेरीला इंजेक्शनवाल्यांपेक्षा फिजिओथेरपीवाल्यांचं दुखणं कमी होतं. वजनाचं गणितही बघा, एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो. आणि घरातले बदल: खाली पाटावर विळी घेऊन बसण्याऐवजी ओट्याशी उभं राहून किंवा टेबलावर चिरणं, भारतीय संडासावर कमोड चेअर, देवपूजेला स्टूल. आईला स्टुलावर बसून पूजा करणं दोन महिने कसंतरीच वाटत होतं.

शुगर असेल तर इंजेक्शननंतर ती चढते, दोन ते पाच दिवस, कधी आठवडाभर. आईची उपाशीपोटी १३०-१४० असायची, ती दुसऱ्या दिवशी अडीचशेच्या वर गेली आणि आम्ही घाबरलो, तेव्हा आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा आणि घरचं मशीन हाताशी ठेवा. चेहरा एक-दोन दिवस लाल, गरम वाटू शकतो. सुई टोचली तिथली कातडी फिकट किंवा खोलगट होऊ शकते. एक गोष्ट बायका लाजून बोलत नाहीत, पाळी जाऊन कित्येक वर्षं झालेल्या बाईलाही या इंजेक्शननंतर कधी कधी अंगावरून लाल जातं. ते औषधाने होऊ शकतं हे खरं, पण 'इंजेक्शनमुळेच असेल' म्हणून गप्प बसू नका, पाळी गेल्यावरचं रक्त नेहमी तपासून घ्यायचंच असतं. सांध्यात जंतुसंसर्ग फार क्वचित होतो पण झाला तर गंभीर: ताप, गुडघा लालबुंद, हात लावू देत नाही, दुखणं दिवसेंदिवस वाढतंय, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अंगात कुठेही इन्फेक्शन चालू असताना इंजेक्शन देत नाहीत.

स्टिरॉइडच्या गोळ्या झिजेच्या गुडघ्याला रोजच्या म्हणून देत नाहीत. खरी भीती पुड्यांची आहे. 'जडीबुटी आहे, साइड इफेक्ट नाही' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही सांधेदुखीच्या पुड्यांत आणि गोळ्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. दोन दिवसांत चमत्कार वाटतो, आणि मग काही महिन्यांत चेहरा गोल होतो, शुगर-प्रेशर चढतं, हाडं ठिसूळ होतात, जी या वयात आधीच ठिसूळ झालेली असतात. इंजेक्शनला घाबरणाऱ्या बायका या पुड्या वर्षभर बिनधास्त खातात, हे बघून जीव तुटतो. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंदही करू नका, अंगातलं स्वतःचं कॉर्टिसॉल बनणं मंदावलेलं असतं आणि अचानक तोडलं तर चक्कर, उलट्या, प्रेशर एकदम खाली, त्यामुळे पुडी पिशवीत घालून डॉक्टरकडे न्या आणि त्यांच्या सांगण्याने कमी करा.

जेलचं इंजेक्शन म्हणजे हायल्युरोनिक अॅसिड, आणि पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्स. दोन्ही स्टिरॉइडपेक्षा बरीच महाग आणि फायद्याबद्दल अजून एकमत नाही.

गुडघा पार वाकडा झालाय, हाडाला हाड लागलंय, तर शेवटी सांधा बदलायचं ऑपरेशन. त्यातल्या इम्प्लांटच्या किमतींवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. ऑपरेशन ठरत असेल तर त्याआधीच्या तीन महिन्यांत त्या गुडघ्यात स्टिरॉइड घेत नाहीत, कारण नव्या सांध्यात इन्फेक्शनचा धोका वाढतो. आम्ही आईच्या एक्स-रेच्या पाकिटावरच पेनाने लिहून ठेवलंय, तारीख, डावा की उजवा, औषधाचं नाव आणि किती मिलिग्रॅम. गेल्या वेळी सर्जननी फिल्म बाहेर काढायच्या आधी पाकीट उलटं करून तेच वाचलं.