कराटे आणि तायक्वांदो: स्वसंरक्षणाच्या दृष्टीने फरक कोठे पडतो

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पांढऱ्या पोशाखात रांगा धरून उभी असलेली मुले कराटे शिकत आहेत की तायक्वांदो, हे फाटकाशी थांबलेल्या पालकांपैकी अनेकांना सांगता येत नाही. त्यात त्यांचा दोषही नाही, कारण दोन्हींत पोशाख पांढरा असतो, कमरेला रंगीत पट्टा असतो, मुले एका सुरात ओरडत ठोसे आणि किक मारतात आणि काही ठिकाणी तर एकच सर दोन्ही शिकवतात. ओळखण्याच्या खुणा मात्र सोप्या आहेत. कराटेचा सदरा समोरून उघडा असून एका बाजूवर दुसरी बाजू घेऊन बांधायचा असतो, तर ऑलिंपिक पद्धतीच्या तायक्वांदोचा सदरा व्ही आकाराच्या गळ्याचा आणि डोक्यावरून घालायचा असतो. कराटेच्या वर्गात आकडे ‘इची, नी, सान’ असे जपानीत मोजतात, तायक्वांदोच्या वर्गात ‘हाना, दुल, सेत’ असे कोरियनमध्ये. ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचालींना कराटेत काता आणि तायक्वांदोत पूमसे म्हणतात, तर समोरासमोरच्या लढतीला अनुक्रमे कुमिते आणि क्योरुगी. एवढ्याने नाव कळते. पण मुलाला किंवा मुलीला क्लासला घालताना पालकांच्या मनात असलेला खरा प्रश्न, म्हणजे उद्या कोणी अंगावर आले तर यातले काय कामी येईल, त्याचे उत्तर नावात किंवा पट्ट्याच्या रंगात नसून लढतीच्या नियमांत शोधावे लागते.

या दोन्हींत इतके साम्य दिसते, कारण त्यांचे नाते खरोखरच जवळचे आहे. कराटे ओकिनावा बेटावरचे. तिथल्या इतोसू आन्को या शिक्षकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते शाळांतून शिकवायला घेतले आणि मुलांसाठी सोप्या काता बसवल्या; फुनाकोशी गिचिन यांनी 1922 मध्ये टोकियोत प्रात्यक्षिक दाखवल्यानंतर ते मुख्य जपानी बेटांवर रुजले. कोरिया 1910 ते 1945 या काळात जपानच्या ताब्यात होता आणि जपानमध्ये शिकायला गेलेले अनेक कोरियन तरुण फुनाकोशींच्या परंपरेतले कराटे शिकून परतले. त्यांपैकी ली वॉन कुक यांनी 1944 मध्ये सोलमध्ये शाळा काढली, आणि ज्यांच्या पुढाकाराने 1955 मध्ये ‘तायक्वांदो’ हे नाव ठरले ते लष्करी अधिकारी चोई हाँग ही हेही जपानमध्ये कराटे शिकलेले होते. पुढे कोरियातील प्रशिक्षकांनी पायांच्या तंत्रावर इतकी मेहनत घेतली, की तीच या विद्येची ओळख झाली. 1973 मध्ये आजच्या जागतिक महासंघाची स्थापना झाली आणि सिडनीच्या 2000 च्या ऑलिंपिकपासून तायक्वांदो हा पदकाचा खेळ झाला. कराटेला ऑलिंपिकमध्ये आतापर्यंत एकदाच, टोकियोत 2021 मध्ये झालेल्या स्पर्धांत, स्थान मिळाले. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे, की जी स्पर्धा मोठी होते तिच्या नियमांप्रमाणे वर्गातला सरावही घडत जातो.

तायक्वांदोच्या स्पर्धेत धडावरच्या ठोशाला 1 गुण मिळतो, धडावरच्या किकला 2, डोक्यावरच्या किकला 3, आणि किक गिरकी घेऊन मारली तर आणखी 2 गुण जास्त. डोक्यावर हाताने मारायला बंदी आहे. कमरेखाली किक मारता येत नाही, प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवता येत नाही आणि खेळाडू खाली पडला तर त्याचीच चूक मोजून समोरच्याला गुण दिला जातो. चेहऱ्यावर ठोसा येणारच नसेल तर हात चेहऱ्यापाशी ठेवण्यात शक्ती घालवायची कशाला, असा विचार खेळाडूचे शरीर आपसूकच करते. म्हणूनच कसलेल्या खेळाडूंचेही हात लढतीत मांड्यांपाशी लोंबकळताना दिसतात. त्यात इलेक्ट्रॉनिक गुणपद्धतीने आणखी भर घातली. लंडनच्या 2012 च्या ऑलिंपिकपासून धडावरचे कवच आणि रिओच्या 2016 च्या ऑलिंपिकपासून शिरस्त्राणही संवेदक बसवलेले आले, आणि पुढचा पाय उचलून हवेतच धरायचा व समोरच्याला त्याने टेकवत, रोखत राहायचे अशी शैली फोफावली. या खेळाडूंची चपळाई, अंतराचा अंदाज आणि पायावरचा ताबा पाहून मन थक्क होते, आणि ते कष्ट कोणीही कमी लेखू नयेत. पण रस्त्यावर धक्काबुक्की सुरू होते तेव्हा पहिला घाव सहसा हाताचा आणि चेहऱ्यावरच येतो, आणि वर्षानुवर्षे हात खाली ठेवून लढलेल्या माणसाला नेमका तोच घाव अनोळखी असतो.

कराटेच्या स्पर्धेत चेहऱ्यावर ठोसा मारता येतो, त्याला 1 गुण असतो, आणि बहुतेक गुण हातांनीच मिळवले जातात. त्यामुळे चेहऱ्याच्या दिशेने झेपावणारी मूठ पाहणे, तिच्या रेषेतून बाजूला होणे आणि त्याच क्षणी उलट ठोसा देणे हे कराटेच्या विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडते. समोरच्याचा पाय झाडून त्याला खाली पाडणेही काही मर्यादेत चालते. स्वसंरक्षणाच्या दृष्टीने मला कराटे थोडे पुढे वाटते ते याच कारणाने. मात्र या खेळाचीही एक सवय घातक आहे. चेहऱ्यावरचा आघात ताब्यात ठेवायचा, म्हणजे त्वचेला जेमतेम स्पर्श होईल इतक्यावर थांबवायचा असतो, आणि गुण मिळताच रेफ्री ‘यामे’ म्हणून लढत थांबवतात. टोकियोतल्या पुरुषांच्या 75 किलोंवरील गटाची अंतिम लढत यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी आघाडीवर असताना त्याची किक इराणच्या सज्जाद गंजजादेच्या डोक्याशी इतकी जोरात बसली, की गंजजादेला बेशुद्धावस्थेत स्ट्रेचरवरून न्यावे लागले. पण आघातावर ताबा राखला नाही म्हणून हमेदी बाद ठरला आणि सुवर्णपदक गंजजादेला मिळाले. खेळाच्या नियमांप्रमाणे तो निकाल योग्यच होता. मात्र एक फटका लागला की थांबायचे, मागे व्हायचे आणि पुन्हा रेषेवर यायचे, हे ज्याच्या स्नायूंत भिनले आहे, त्याच्यावर कोणी लागोपाठ चार-पाच फटक्यांनी तुटून पडले तर दुसऱ्या-तिसऱ्या फटक्याला तो गोंधळतो.

आता प्रत्यक्ष प्रसंग कसे घडतात ते पाहू. हल्ला करणारा सहसा सहा फुटांवर पवित्रा घेऊन उभा राहत नाही. तो बोलत बोलत जवळ येतो, वाद घालतो, गचांडी धरतो, बखोटे पकडतो, मुलीच्या बाबतीत ओढणी, केस किंवा मनगट धरतो, किंवा पाठीवरच्या बॅगेला हिसका देतो. जागा म्हणाल तर जिना, गल्लीचे तोंड, दोन उभ्या गाड्यांमधली फट किंवा गर्दीने खचाखच भरलेला लोकलचा डबा, जिथे गुडघा वर उचलायलाही वाव नसतो. पायात चप्पल असते, जीन्स किंवा साडी असते, पावसाळ्यात फरशी ओली असते, आणि शरीर तापवून मांड्या ताणायला दहा मिनिटे कोणी देत नाही. अशा वेळी डोक्यापर्यंत जाणारी किक मारू पाहणारा एका पायावर तोल सांभाळत उभा राहतो, आणि तो पाय कोणी धरला की घसरून पडण्यावाचून गत्यंतर नसते. किकचा उपयोगच नाही, असा याचा अर्थ नव्हे. नडगीवर किंवा गुडघ्यावर मारलेली सरळ, खालची किक अतिशय परिणामकारक असते, आणि अंगावर धावून येणाऱ्याला पोटात टाच मारून थोपवण्यात तायक्वांदो चांगले येणारी मुलगी कोणापेक्षाही मागे पडणार नाही. अडचण एवढीच, की कमरेखालच्या किकचा लढतीत सराव होत नाही, कारण नियमाने तिला मनाई आहे.

कराटेच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती फारशा वर्गांत सांगितली जात नाही. ठोसा मारताना दुसरा हात मूठ वळून कमरेशी ओढून घ्यायचा, हे कराटेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी शिकवतात. नुसती शिस्त म्हणून ती हालचाल केली तर ती निरर्थकच नव्हे, तर धोक्याचीही आहे, कारण चेहरा उघडा पडतो. पण समोरच्याचे मनगट किंवा बाही पकडून त्याला आपल्याकडे खेचायचे आणि दुसऱ्या हाताने ठोसा द्यायचा, असा तिचा अर्थ लावला की तीच हालचाल पकडापकडीच्या प्रसंगात अचूक बसते. जुन्या कातांमध्ये अशा खूप हालचाली आहेत: मनगट सोडवणे, कोपर उलटे वळवणे, मान धरून गुडघा मारणे. इतोसूंनी 1908 मध्ये शिक्षण खात्याला लिहिलेल्या पत्रात कराटेचा हेतू एका प्रतिस्पर्ध्याशी लढत खेळणे हा नसून, गुंडाशी गाठ पडल्यास हातापायांनी स्वतःला इजेपासून वाचवणे हा आहे, अशा आशयाचे म्हणणे मांडले आहे. मियागी चोजुन यांच्या गोजू-र्‍यू शाखेत तर दोघांनी हाताला हात लावून एकमेकांना ढकलण्या-ओढण्याचा वेगळा सराव असतो, ज्यातून हाताच्या स्पर्शावरून समोरच्याचा जोर ओळखायची सवय लागते. ज्या वर्गात कातांचे हे अर्थ जोडीदारावर करून पाहिले जातात, तिथले कराटे आणि ज्या वर्गात काता केवळ परीक्षेसाठी पाठ केल्या जातात, तिथले कराटे यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

म्हणून सरसकट ‘कराटे चांगले, तायक्वांदो वाईट’ असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि दोन्ही नावांखाली एकाहून अधिक पद्धती आहेत हेही विसरू नये. चोई हाँग ही यांनी 1966 मध्ये स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या तायक्वांदोत डोक्यावर हाताने मारता येते, त्यामुळे तिथले विद्यार्थी हात वर ठेवायला शिकतात. उलट ओयामा मासुतात्सु यांच्या क्योकुशिन कराटेत पूर्ण ताकदीने मारतात, मांडीवरच्या किकही चालतात, विद्यार्थी मार सोसण्यात तयार होतात, पण चेहऱ्यावर ठोसा मारायला मनाई असल्यामुळे तिथेही हात खाली येण्याचा दोष शिरतो. मार बसल्यावर न घाबरणे ही स्वसंरक्षणातली फार मोठी जमेची बाजू आहे, आणि ती क्योकुशिन जेवढी देते तेवढी गुणांच्या कराटेतून क्वचितच मिळते.

दोन्ही विद्यांत सारखीच राहून जाणारी उणीव म्हणजे जोराने धरले गेल्यावर आणि जमिनीवर पडल्यावर काय करायचे, हा भाग. तायक्वांदोच्या अभ्यासक्रमात ‘होशिनसुल’ नावाने मनगट-गळा सोडवण्याची तंत्रे आहेत, कराटेतही आहेत, पण ती बहुधा जोडीदाराच्या संमतीने केली जातात: तो हात पुढे करतो, हलकेच धरतो आणि आपण झटका देताच सोडून देतो. ज्याने गावच्या तालमीत दोन वर्षे कुस्ती केली आहे, त्याला न सुटू देणारी पकड कशी असते ते ठाऊक असते, कारण त्याचा जोडीदार रोज खराच जोर लावतो. ज्युदोतही तसेच आहे. मारण्याच्या विद्येबरोबर वर्ष-दोन वर्षे कुस्ती किंवा ज्युदो केला तर ही उणीव पुष्कळ भरून निघते. निदान न दुखापत होता पडायला आणि पडल्यावर झटकन उठायला शिकणे, हे वय काहीही असले तरी करण्यासारखे आहे.

कायद्याचा एक मुद्दा येथेच सांगितला पाहिजे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क दिलेला आहे, पण बचावासाठी आवश्यक आहे त्याहून अधिक इजा करण्यापर्यंत तो जात नाही. कराटेच्या स्पर्धेत खाली पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर अचूक ठोसा मारला तर 3 गुण मिळतात. रस्त्यावर मात्र खाली पडून निष्प्रभ झालेल्या माणसावर तोच ठोसा मारणारा स्वतःच आरोपी होऊ शकतो. त्यामुळे पहिल्या फटक्याने मिळालेली सवड पळून जाण्यासाठी वापरायची, हे शिकवणारा वर्ग कायद्याच्या आणि जिवाच्या, दोन्ही दृष्टींनी बरोबर शिकवतो.

क्लास निवडताना पोशाख आणि भिंतीवरची पदके पाहण्याआधी एक संध्याकाळ बाकावर बसून लढतीचा सराव पाहावा. ग्लोव्ह्ज घालून का होईना, चेहऱ्याकडे ठोसे येतात का? मुले फटका बसल्यावर थांबतात की हात वर घेऊन हालत राहतात? मोठ्याने ओरडून, ढकलून पळून जाण्याचा सराव कधी होतो का? यांपैकी निम्म्या गोष्टी जरी दिसल्या तरी फलकावर कराटे लिहिले आहे की तायक्वांदो, याने फारसे बिघडत नाही. आणि शेवटी सरांना विनंती करावी, की वर्गातल्या एखाद्या थोराड मुलाला माझ्या मुलीचे मनगट घट्ट धरायला सांगा, आणि ती स्वतः सोडवून घेईपर्यंत त्याने ते सोडू नये.