काळ्या ठिपक्यांचं केळं कुठे घालावं?

मुंबईच्या दमट उकाड्यात आणलेली वेलची केळी टोपलीत फार टिकत नाहीत. सालीवर काळे ठिपके दिसू लागले की मुलं नाकं मुरडतात आणि केळ्यांची रवानगी होते मफिनच्या पिठात, नाहीतर स्मूदीसाठी मिक्सरमध्ये. दोन्हीकडे केळं सारखंच उपयोगी पडतं असं आपण धरून चालतो. रसायनशास्त्राला ते मान्य नाही.

आधी मफिन. कच्च्या केळ्याच्या गरात साधारण पाचवा हिस्सा स्टार्च असतो. पिकताना केळं स्वतःच इथिलीन वायू सोडतं, त्या इशाऱ्यावर एन्झाइम कामाला लागतात आणि बहुतेक स्टार्चची साखर होते. म्हणून लिबलिबीत झालेली केळी कुस्करून घातली की वरची साखर बरीच कमी करता येते. केळ्यात आणि दह्यात आम्ल असतं. त्याच्याशी खाण्याचा सोडा भिडला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ फुगतं. हे लगेच सुरू होतं, तेव्हा सोडा घालून फोनवर गप्पा मारत बसू नये. ओटीजी आधीच तापलेला हवा. सोडा जास्त पडला तर तो निकामी करायला आम्ल पुरत नाही आणि मफिनला साबणासारखी चव येते.

कणीक ओली झाली की तिच्यातली प्रथिनं एकमेकांना धरून ग्लुटेनचं जाळं विणतात. पोळीसाठी आपण मळून मळून तेच तर घट्ट करतो. मफिनला ते नको असतं. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवायचा, गुठळ्या राहिल्या तरी राहू द्यायच्या. घोटत बसलात तर मफिन चिवट होतो आणि कापल्यावर आत लांबट पोकळ्या दिसतात. कणकेतला पाव हिस्सा काढून तिथे नाचणीचं पीठ घाला. नाचणीत ग्लुटेन नाही, आणि 100 ग्रॅममागे साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. सगळीच नाचणी वापरली तर मात्र हातात भुगा येतो.

आता स्मूदी. कापलेलं केळं काळं पडतं ते पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या एन्झाइममुळे. अखंड फळात हे एन्झाइम आणि ते ज्यांच्यावर काम करतं ती पॉलिफिनॉल नावाची द्रव्यं पेशीच्या वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. मिक्सरचं पातं फिरलं की कप्पे फुटतात आणि दोघांची गाठ पडते. त्याच भांड्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, द्राक्षं किंवा सफरचंद असेल, तर त्यांच्यातल्या फ्लॅव्हॅनॉल या पॉलिफिनॉलवरही केळ्याचं एन्झाइम तुटून पडतं. हृदयाच्या आरोग्यासाठी ज्यांचं नाव घेतलं जातं तीच ही द्रव्यं. 2023 मध्ये ‘फूड अँड फंक्शन’ या नियतकालिकात यावरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. केळ्याच्या स्मूदीबरोबर फ्लॅव्हॅनॉल घेतल्यावर रक्तातली त्यांची पातळी, नुसती फ्लॅव्हॅनॉलची कॅप्सूल घेतल्यावरच्या पातळीपेक्षा 84 टक्के कमी भरली. बेरींच्या स्मूदीने तशी घट झाली नाही. प्रयोग मोजक्याच लोकांवर झाला होता, तेव्हा केळ्याला वाळीत टाकायचं कारण नाही.

मफिनमध्ये हा प्रश्नच येत नाही, कारण भाजताना आतलं तापमान 90 अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि हे एन्झाइम निकामी होतं. शिकरणालाही धोका नाही. दुधात फ्लॅव्हॅनॉल नसतातच, तेव्हा गमावण्यासारखं फारसं काही नाही. स्ट्रॉबेरीला जोडी द्यायचीच तर दही, संत्रं किंवा मार्चनंतर हापूस द्यावा. आणि स्मूदी गाळू नये. गाळून चोथा टाकला की फळातले बरेचसे तंतू गेले, मग तो ज्यूस सेंटरवरचा ज्यूसच.

अननसाची गोष्ट वेगळी. त्याच्यातलं ब्रोमेलेन दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं, आणि त्यांतले काही तुकडे चवीला कडू असतात. म्हणून ताज्या अननसाची दुधातली स्मूदी फ्रीजमध्ये ठेवली की संध्याकाळी कोणी तोंडाला लावत नाही. ती केल्या केल्या पिऊन टाकावी, नाहीतर अननस आधी शिजवून, गार करून मग मिक्सरमध्ये घालावा.