दोन डोळ्यांनी बघणं म्हणजे मिक्सरमध्ये फिरवणं नव्हे

मासेमारीच्या धोरणावर काहीही वाचायला घ्या, 'पारंपरिक ज्ञान आणि विज्ञान यांचा संगम' कुठेतरी येतोच. त्या संगमाचा मला आता वैताग आलाय, कारण त्या एका शब्दाखाली दोन भलत्या वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. एक, स्थानिकांची माहिती सरकारी अभ्यासात घालणं. दुसरी, कॅनडातले मिग्मॉ हे मूळनिवासी लोक जिला एटुआप्टमुम्क म्हणतात ती, दोन डोळ्यांनी बघणं.

पहिली तुम्हाला माहितीये. साहेब बंदरावर येतात, फॉर्म भरून घेतात, चहा पितात, जातात. झालं.

दुसरी मांडली एस्कासोनी गावचे मिग्मॉ ज्येष्ठ अल्बर्ट मार्शल यांनी, २००४ मध्ये. एका डोळ्याने आपल्या लोकांच्या ज्ञानातलं बळ बघायचं, दुसऱ्याने पाश्चात्त्य विज्ञानातलं, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. लोक नेमकं इथेच घसरतात, 'दोन्ही' ऐकलं की लगेच मिक्सर काढतात. अहो पण दोन डोळे एकमेकांपासून थोडे लांब असतात म्हणून तर अंतर कळतं! एक झाकून सुईत दोरा ओवून बघा.

हेरिंग या छोट्या समुद्री माशाचं उदाहरण घ्या. कॅनडाच्या पश्चिमेकडच्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर केंद्र सरकारचं मत्स्य खातं हेरिंग मोजतं ते मुख्यतः पाच मोठ्या पट्ट्यांत, आणि मासा किती उरलाय याचा अंदाज बांधणाऱ्या त्यांच्या मॉडेलमधला डेटा सुरू होतो १९५१ पासून. त्याच किनाऱ्यावरच्या बेला बेला गावचे मूळनिवासी हेल्टसुक लोक मोजतात खाडीखाडीने, आणि त्यांची आठवण १९५१ च्या कितीतरी आधीची. आता पट्ट्याची बेरीज बरी दिसतेय पण आजी म्हणते की आमच्या खाडीत अंडीच पडली नाहीत, तर पहिल्या पद्धतीत आजीचं म्हणणं सरासरीत विरघळतं किंवा 'किस्सा' म्हणून परिशिष्टात जातं. दोन डोळ्यांच्या पद्धतीत ते दोघांचं न जुळणं हीच बातमी असते, की बेरीज खरी असेल पण ही खाडी रिकामी होतेय, मग इथे जाळं टाकायचं की नाही ते दोघं मिळून ठरवू. फरक माहितीचा नाहीच, आकडे नि अनुभव जुळले नाहीत तर कोणाचं चालणार याचा आहे.

माझा सगळ्यात मोठा राग 'आता विज्ञानानेही सिद्ध केलं' या वाक्यावर. २०१४ मध्ये त्या किनाऱ्यावरच्या १७१ पुरातत्त्व स्थळांवरच्या माशांच्या हाडांचा अभ्यास आला, हेरिंग पूर्वी जवळपास सगळीकडे होती असं निघालं. छान अभ्यास आहे. पण म्हणजे त्याआधी म्हातारी माणसं थापा मारत होती का?

आणि गाबोळीवाल्यांसाठी जाता जाता: तिथेही व्यापारी बोटी आपल्यासारखीच मासा मारून गाबोळी, म्हणजे पोटातली अंडी, काढतात. हेल्टसुक मात्र हेम्लॉक झाडाच्या फांद्या नाहीतर केल्प या समुद्री शेवाळाची पानं पाण्यात सोडतात, हेरिंग येऊन त्यावर अंडी घालून निघून जाते, मग अंड्यांनी पांढरी झालेली फांदी वर घ्यायची. मासा जिवंत, पुढच्या वर्षी परत यायला मोकळा. दोन्हीला 'हेरिंगची अंडी' म्हणून एकच कोटा समजणारे लेख मी वाचलेत, कपाळाला हात लावला.

२०१५ च्या मार्चमध्ये खात्याने हेल्टसुकांचा विरोध असताना गाबोळीची मासेमारी उघडली, तर ते थेट डेनी बेटावरच्या खात्याच्या ऑफिसात जाऊन बसले. आता म्हणाल, पुढे कॅनडाचा मासेमारीचा कायदा बदलला ना. बदलला, २०१९ मध्ये. मंत्र्यांनी निर्णय घेताना काय काय बघायचं त्या यादीत मूळनिवासींचं ज्ञानही आलं. फक्त त्या यादीच्या वर लिहिलंय की मंत्री हे विचारात घेऊ 'शकतात'.