एल्कचं मांस

एल्कचं मांस म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या वापिती नावाच्या मोठ्या हरणाचं (सर्व्हस कॅनाडेन्सिस) मांस. कोलोराडो, वायोमिंग, मोंटाना, आयडाहो या रॉकी पर्वताच्या पट्ट्यातल्या राज्यांत शिकारीचा सीझन संपला की बऱ्याच घरांच्या डीप फ्रीझरमध्ये वर्षभराचं हेच मांस भरलेलं असतं. रंग गडद लाल, वास सौम्य, चरबी जवळजवळ नाही, आणि या शेवटच्या गोष्टीवरच त्याचं सगळं पोषण आणि सगळा स्वयंपाक ठरतो.

नाव आणि प्राणी

नावाचा घोळ आधी निस्तरायला हवा, कारण रेसिपी शोधताना निम्मी फसगत इथेच होते. युरोपात एल्क म्हणजे मूस (अल्सेस अल्सेस), तो पसरट शिंगांचा आणि लोंबत्या नाकाचा. ब्रिटनमधून तो प्राणी फार पूर्वीच नाहीसा झाला होता, त्यामुळे अमेरिकेत वसाहती करणाऱ्या इंग्रजांनी एल्क हे नाव फक्त ऐकलेलं होतं, आणि समोर एवढं थोरलं हरीण दिसल्यावर त्यांनी ते नाव याला चिकटवलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. खऱ्या एल्कच्या वाट्याला मग मूस हा तिथल्या मूळ लोकांच्या अल्गॉन्क्वियन भाषांतला शब्द आला. हा गोंधळ मिटावा म्हणून फिलाडेल्फियाचे निसर्ग अभ्यासक बेंजामिन स्मिथ बार्टन यांनी १८०६ मध्ये वापिती हे नाव पुढे केलं. हा शब्द शॉनी भाषेतला की क्री भाषेतला यावर वाद आहे, कोशांचा कल शॉनीकडे जास्त दिसतो, अर्थ मात्र 'पांढऱ्या ढुंगणाचा' असाच सांगतात आणि प्राणी पाठमोरा बघितला की तो पटतो. बार्टन यांची सूचना शास्त्रज्ञांनी उचलली, शिकाऱ्यांनी आणि खाटकांनी नाही, त्यामुळे आजही अमेरिकन रेसिपीतलं एल्क आणि स्वीडिश किंवा ब्रिटिश रेसिपीतलं एल्क हे दोन वेगळे प्राणी आहेत.

वर्गीकरणाचा वाद अजून जुना. जर्मन निसर्ग अभ्यासक एर्क्सलेबेन यांनी १७७७ मध्ये कॅनाडेन्सिस हे नाव दिलं ते युरोपच्या लाल हरणाचा एक प्रकार म्हणून, आणि पुढे कित्येक दशकं दोन्ही एकच जात धरली जात होती, कारण एकत्र ठेवले तर त्यांच्यात संकर होतो आणि पिल्लंही पुढे वितात. २००४ च्या सुमाराला मायटोकॉन्ड्रियल डीएनएचे (फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएचे) अभ्यास आले त्यात पूर्वेकडची वापिती, पश्चिमेकडचं लाल हरीण आणि मध्य आशियातला गट अशा तीन शाखा वेगळ्या निघाल्या, आणि आता वापितीला स्वतंत्र जात मानण्याकडेच कल आहे, तो योग्यही वाटतो. काश्मीरचा हंगुल हा त्या तिसऱ्या शाखेतला, म्हणजे भारतातला एल्कचा सगळ्यात जवळचा नातेवाईक तोच. मराठीत एल्कला कोणी सांबर म्हणतं कोणी बारशिंगा, पण ते दोन्ही प्राणी वेगळे आहेत, तेव्हा सरळ एल्क म्हणावं हे बरं. आणि हे कोणी आपल्याकडे करून बघायच्या आधी सांगून ठेवतो, भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणाची शिकार हा गुन्हा आहे.

पोषण

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कच्च्या एल्कच्या मांसात साधारण १११ कॅलरी, २३ ग्रॅम प्रथिनं, १.४५ ग्रॅम चरबी, ५५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल आणि २.८ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. भाजल्यावर पाणी उडतं त्यामुळे हेच आकडे १४६ कॅलरी, ३० ग्रॅम प्रथिनं आणि १.९ ग्रॅम चरबी असे होतात. जस्त आणि बी-१२ सुद्धा भरपूर. खिम्याचा आकडा मात्र एकदम वेगळा आहे, १०० ग्रॅम कच्च्या खिम्यात ८.८ ग्रॅम चरबी आणि १७२ कॅलरी, तेव्हा पाकिटावर एल्क वाचून सगळं सारखंच धरू नये.

एल्क म्हणजे फार पौष्टिक अशी जी ख्याती आहे ती गाईच्या मांसाशी तुलना करून झालेली आहे. तिथल्या दुकानातल्या नेहमीच्या बीफ खिम्यात २० टक्के चरबी असते, १०० ग्रॅमला २५४ कॅलरी, त्याच्या शेजारी एल्क ठेवलं तर ते चमत्कारच वाटणार. पण आपल्या बोकडाच्या मटणाचे त्याच तक्त्यातले आकडे बघा: १०९ कॅलरी, २०.६ ग्रॅम प्रथिनं, २.३ ग्रॅम चरबी, २.८ मिलिग्रॅम लोह. म्हणजे जवळपास तेच. मराठी घरात मटण खाऊन मोठा झालेला माणूस डेन्व्हरला जाऊन एल्क खातो तेव्हा पोषणात त्याला नवीन असं फार काही मिळत नाही, नवीन असतं ते चवीत.

चरबी थोडी असली तरी तिचा दर्जा वेगळा असतो का यावर बरंच लिहिलं गेलंय. एल्क, हरीण आणि प्रॉन्गहॉर्न (तिथला काळविटासारखा दिसणारा प्राणी) यांच्या चरबीचा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की त्यातली फॅटी ॲसिडची रचना धान्यावर पोसलेल्या गुरांपेक्षा कुरणात चरणाऱ्या गुरांच्या जवळ जाते, म्हणजे ओमेगा-३ चं प्रमाण तुलनेने चांगलं. पण एकूण चरबीच दीड ग्रॅम, त्यातलं ओमेगा-३ कितीसं भरणार, त्यासाठी कोणी एल्क खायला जाऊ नये.

उलट चरबी नसणं हीच अडचण झाल्याची ऐतिहासिक नोंद आहे. अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेने १८०५-०६ चा हिवाळा आत्ताच्या ओरेगॉनमधल्या फोर्ट क्लॅट्सॉपला काढला. त्यांच्यातले सार्जंट पॅट्रिक गॅस यांनी हिशोब लिहून ठेवलाय, डिसेंबर ते मार्च या काळात १३१ एल्क आणि २० हरणं मारली. हवा दमट आणि उबदार, सारखा पाऊस, मांस टिकेना, धुरी देऊनही खराब व्हायचं. १८०५ च्या नाताळला जेवणात रोडावलेल्या एल्कचं नासलेलं मांस होतं आणि ते निव्वळ नाइलाजाने खाल्लं असं क्लार्क लिहितात. जानेवारीत किनाऱ्यावर देवमासा लागल्याचं कळलं तेव्हा ते डोंगर ओलांडून गेले आणि तिथल्या मूळ रहिवासी टिलामूक लोकांकडून सुमारे ३०० पौंड चरबी विकत घेऊन आले. नुसतं कोरडं मांस खाऊन माणसाचं भागत नाही, कारण प्रथिनांतला नायट्रोजन बाहेर टाकायची यकृताची ताकद मर्यादित असते आणि उरलेली ऊर्जा चरबीतून किंवा पिठूळ पदार्थांतूनच यावी लागते. मैदानी भागातल्या मूळ लोकांना हे पक्कं माहीत होतं. त्यांचं पेमिकन म्हणजे वाळवून कुटलेलं मांस (बायसनचं, एल्कचं, मूसचं) आणि त्यात ओतलेली वितळलेली चरबी, कधी रानबोरंही. हा शब्दच क्री भाषेतल्या चरबीच्या शब्दावरून आलाय.

शिकारीपासून फ्रीझरपर्यंत

रॉकीतला पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या पुढे, मादी सव्वादोनशेच्या आसपास. हाडं, कातडं, पोट जाऊन हाती येणारं निव्वळ मांस साधारण एक तृतीयांश, कधी थोडं जास्त. एवढं धूड थंड व्हायला वेळ लागतो, कातडं जाड, मान तर लोकरीत गुंडाळल्यासारखी, बाहेर बर्फ असला तरी मांडीच्या हाडाजवळची ऊब तासन् तास जात नाही आणि तिथूनच मांस आंबायला लागतं. शिकारी त्याला 'बोन सावर' म्हणतात. वरून लाललाल दिसणारी मांडी घरी आणून सुरी हाडापर्यंत नेली की हिरवट झाक आणि आंबूस वास, सगळा तुकडा फेकून द्यावा लागतो. म्हणून जागेवरच सोलून चार फऱ्या वेगळ्या करायच्या, कापडी पिशवीत घालून सावलीत टांगायच्या.

उलटी चूकही होते. मेल्यानंतर स्नायू आखडायच्या आतच मांस फार गार केलं तर तंतू आकसतात आणि मग ते कितीही शिजवा, चिवटच राहतं. तिसरी गोष्ट पळापळीची. जखमी होऊन लांब पळालेल्या जनावराच्या स्नायूंतला साखरेचा साठा संपतो, मग आम्ल पुरेसं तयार होत नाही, पीएच नेहमीच्या साडेपाचच्या आसपास न येता सहाच्या वर राहतो आणि मांस काळपट, चिकट आणि लवकर नासणारं होतं. लोक ज्याला 'रानटी वास' म्हणतात त्याचा दोष बरेचदा जनावराला दिला जातो, पण खरं कारण या पहिल्या काही तासांत असतं, हे मत आता बऱ्यापैकी मान्य आहे. माजावर आलेल्या नराचा वास मात्र खरोखरच उग्र असतो.

त्यानंतर १ ते ४ अंश सेल्सिअसला आठवडा-दोन आठवडे टांगून मुरवतात. या काळात स्नायूंतलीच एन्झाइमं तंतू तोडतात आणि मांस मऊ पडतं.

शिजवणं

दोन नियम कळले की बाकी सोपं आहे. पहिला, एल्कची स्वतःची चरबी काढून टाकायची. ती जास्त तापमानाला वितळते, म्हणजे मटणाच्या रश्श्यावर थंडीत जसा पांढरा थर गोठतो तशी ती ताटातच गोठते आणि टाळूला मेणासारखी चिकटते, उग्र वासही तिच्यातच असतो. चरबीबरोबर मांसावरचा चंदेरी पापुद्राही सोलून काढावा लागतो, त्यात इलॅस्टिन नावाचं रबरासारखं प्रथिन असतं आणि ते कितीही शिजवलं तरी विरघळत नाही. सुरीचं टोक पापुद्र्याखाली घालायचं, पातं थोडं वर कलतं धरायचं आणि पापुद्रा हाताने ताणत सुरी सरकवायची, मासा सोलतात तसं.

दुसरा नियम म्हणजे तुकडा बघून पद्धत ठरवायची. पाठीच्या कण्यालगतची लांब पट्टी (तिकडे बॅकस्ट्रॅप म्हणतात) आणि आतली टेंडरलॉइन यांना झटपट मोठी आच लागते. साधारण चार सेंटीमीटर जाड काप, मीठ आधी लावून ठेवलेलं, कापडाने कोरडा टिपलेला, बिडाच्या तव्यावर चांगल्या तापलेल्या तेला-लोण्यात दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं, आणि आतलं तापमान ५२ अंशांवर गेलं की काढून ठेवायचा, तो आपोआप ५५ पर्यंत चढतो. ६५ च्या पुढे गेला की तंतू पिळून पाणी बाहेर पडतं आणि आत वंगण म्हणून चरबी नसल्यामुळे तो चपलेसारखा होतो. थर्मामीटर लागतोच, कारण या मांसात मायोग्लोबिन (मांसाला लाल रंग देणारं प्रथिन) जास्त असल्याने शिजलेलं सुद्धा लालच दिसतं आणि रंगावरून अंदाज फसतो. सरकारी सल्ला वेगळा आहे: पाळलेल्या जनावराच्या कापांना ६३ अंश आणि वर तीन मिनिटं, खिम्याला ७१, आणि रानातल्या जनावराचं तर सगळंच ७१ पर्यंत न्या असं बरेच जण सांगतात. आचारी कापांच्या बाबतीत तो फारसा पाळत नाहीत, खिम्याच्या बाबतीत मात्र पाळायलाच हवा.

खांदा, मान आणि नळ्या यांत कोलॅजन (हळूहळू शिजवलं की विरघळणारं चिवट प्रथिन) भरपूर, तिथे उलट मंद आणि लांब. आपल्या कुकरला हे काम उत्तम जमतं, आलं-लसूण, कांदा-खोबऱ्याचं वाटण, आणि मटणापेक्षा जरा जास्त शिट्ट्या. कच्ची पपई लावून रात्रभर ठेवायचा मोह टाळावा, वरचा थर पिठासारखा होतो आणि आतलं चिवट ते चिवटच. खिमा करताना तिकडचे खाटीक त्यात १० ते २० टक्के डुकराची किंवा गाईची चरबी घालतात, तेव्हा ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारून घ्यावं. चरबी न घातलेल्या खिम्याला तेल नेहमीपेक्षा सढळ लागतं.

कलेजी आणि हृदय खातात, ताजंच.

धोके

सगळ्यात मोठी चिंता क्रॉनिक वेस्टिंग डिसीजची. हा हरीणवर्गातला प्रायॉनचा (म्हणजे बिघडलेल्या घडीच्या प्रथिनाचा) रोग, मेंदूला जाळी पाडणारा. १९६७ मध्ये कोलोराडोतल्या एका संशोधन केंद्राच्या पिंजऱ्यातल्या म्यूल हरणांत तो पहिल्यांदा दिसला, १९७८ मध्ये एलिझाबेथ विल्यम्स यांनी तो नेमका काय आहे ते ओळखलं आणि १९८१ मध्ये तो रानातल्या एल्कमध्ये सापडला. आता अमेरिकेतल्या तीसहून जास्त राज्यांत आहे. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं एकही प्रकरण नाही, पण प्रायॉन शिजवून मरत नाही आणि लागण झालेलं जनावर वर्ष-दीड वर्ष धडधाकट दिसतं, म्हणून बाधित भागात मारलेल्या जनावराचं डोकं किंवा लसीका ग्रंथी तपासायला द्यायच्या, अहवाल येईपर्यंत मांस वेगळं ठेवायचं, मेंदू, मज्जारज्जू, डोळे, प्लीहा खायचे नाहीत, असा सल्ला दिला जातो.

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या आसपासच्या कळपांत ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा रोग आहे, तो मुख्यतः जनावर चिरताना हाताला लागतो. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब पसरतात, डोळ्यांना दिसत नाहीत, एक्स-रेमध्ये दिसतात. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंद आहे. लोन स्टार गोचीड चावून अल्फा-गॅलची (सस्तन प्राण्यांच्या मांसातल्या एका साखरेची) ॲलर्जी झालेल्यांना बोकड-बीफसारखंच एल्कही चालत नाही.

बाजार

अमेरिकेत रानात मारलेल्या एल्कचं मांस विकता येत नाही, खाता येतं आणि वाटता येतं. हॉटेलात किंवा ऑनलाइन मिळतं ते पाळलेल्या जनावराचं, आणि त्याची सरकारी तपासणी बीफसारखी सक्तीची नसून मालकाने फी भरून करून घ्यायची असते. एल्कपालन वाढलं त्यात मांसापेक्षा शिंगांवरच्या कोवळ्या मखमलीचा वाटा मोठा, तिचं गिऱ्हाईक कोरियात. त्याच व्यापारात कॅनडातून गेलेल्या एल्कबरोबर वर सांगितलेला प्रायॉनचा रोगही दक्षिण कोरियात पोचला, तिथलं पहिलं प्रकरण २००१ चं.

बराचसा माल न्यूझीलंडहून येतो. १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी भेट म्हणून दिलेल्या कळपातल्या १८ वापिती तिथल्या फियोर्डलँडमध्ये सोडल्या होत्या, पुढे लाल हरणांशी त्यांचा संकर होत गेला आणि आज तिथल्या फार्मवर सगळी मिसळच आहे. त्यामुळे अमेरिकन दुकानातल्या पाकिटावर पुढे एल्क आणि मागे बारीक अक्षरांत न्यूझीलंड छापलेलं असेल तर आतलं जनावर नेमकं किती वापिती आणि किती लाल हरीण, हे पाकिटावरून कळत नाही.