चारचाकीची बॅटरी बदलल्यावर गाडी काय विसरते?

सप्रेम नमस्कार.

नवी बॅटरी बसवून गाडी घरी नेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आम्हाला जे फोन येतात, त्यांतले बहुतेक बॅटरीविषयी नसतात. घड्याळ भलतीच वेळ दाखवते, ड्रायव्हरकडची काच एका झटक्यात वर जात नाही, स्टीअरिंगचा पिवळा दिवा विझत नाही, सिग्नलला गाडी थांबली की इंजिन थरथरते, अशा त्या तक्रारी असतात. वीजपुरवठा तुटल्यामुळे गाडीतील निरनिराळ्या कंट्रोल युनिटांनी, म्हणजे छोट्या संगणकांनी, साठवलेल्या काही नोंदी पुसल्या जातात, त्याचा हा परिणाम असतो; तो बिघाड नव्हे, आणि बहुतेक वेळा त्यासाठी एक रुपयाही खर्च करावा लागत नाही. हे पत्रक त्यासाठीच बिलासोबत देत आहोत. ते गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे.

बदलण्यापूर्वी

सेल्फ लागला नाही म्हणजे बॅटरी गेलीच, असे समजू नये. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावल्यास १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती पूर्ण चार्ज आहे, १२.२ आला तर साधारण निम्मी आहे आणि १२ च्या खाली आला तर रिकामी आहे. पण रिकामी बॅटरी आणि निकामी बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्ण चार्ज करूनही सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर ती बदलण्यावाचून इलाज नाही. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळत नसतील, तर प्रथम डायनेमो आणि त्याचा पट्टा पाहावा लागतो, कारण अशा गाडीत बसवलेली नवी बॅटरीही आठवड्याभरात उतरेल. (काही नव्या गाड्यांत चार्जिंगचा आकडा संगणक स्वतः कमीजास्त करतो, त्यामुळे एकाच वाचनावरून निर्णय घेऊ नये.) टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार चढून पकड सैल झाली असेल, तर गरम पाणी, खाण्याचा सोडा आणि जुना ब्रश एवढ्यावरही काम भागते.

आपल्या भागात बॅटऱ्या लवकर का जातात, हे अनेक जण विचारतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि बोनेटखाली तापमान त्याहून बरेच अधिक असते. त्या उष्णतेने बॅटरीतील पाणी उडते आणि शिशाच्या जाळ्या झपाट्याने झिजतात. तरीही गाडी त्या वेळी चालू होत राहते. पुढे डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पारा एक आकडी झाला की इंजिन ऑइल घट्ट होते, सेल्फला अधिक करंट लागतो, आणि आधीच थकलेली बॅटरी तेवढा देऊ शकत नाही. ग्राहक थंडीला दोष देतात. नुकसान मात्र उन्हाळ्यातले असते. ज्या बॅटरीला पाण्याची झाकणे आहेत, तिची पातळी म्हणून फेब्रुवारीअखेरीस तपासून घ्यावी आणि तिच्यात केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरचे पाणी तर नकोच, पण घरच्या आरओचेही नको.

नवी बॅटरी निवडताना जुनीवरचाच क्रमांक पाहावा, कारण त्यातील शेवटचे एल किंवा आर हे अक्षर टर्मिनलची बाजू सांगते आणि चुकीच्या बाजूची बॅटरी घेतल्यास गाडीची वायर तिथपर्यंत पोहोचत नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे वारंवार सेल्फ मारणे सोसणाऱ्या, प्रकारचीच बॅटरी लागते. तिच्या जागी स्वस्तातली साधी बॅटरी मागितल्यास आम्ही ती देत नाही, याबद्दल कृपया गैरसमज नसावा.

बदलताना

चावी काढून दारे बंद केल्यावरही गाडीतील कंट्रोल युनिटे काही मिनिटे जागी असतात आणि एअरबॅगच्या यंत्रणेतही थोडा काळ वीज शिल्लक राहते. त्यामुळे आम्ही लगेच पाना लावत नाही, थोडे थांबतो. नंतर प्रथम वजा टर्मिनल काढतो आणि मग अधिक. बसवताना प्रथम अधिक आणि शेवटी वजा. पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडू नये, म्हणून हा क्रम पाळावा लागतो. घरी बदलत असाल, तर गाडीची चावी आपल्या खिशात ठेवावी आणि एक काच खाली करून ठेवावी. वीज परत येताच काही गाड्या सेंट्रल लॉक लावून घेतात, आणि चावी आत राहिली तर पंधरा मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस लागतो. डिकीचे कुलूप केवळ विजेवर उघडणारे असेल, तर काम संपेपर्यंत डिकी लावू नये.

एक गोष्ट मात्र कोणत्याही मेकॅनिकला करू देऊ नये. चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढून डायनेमो तपासण्याची जुनी पद्धत अजून चालते. जुन्या जीपगाड्यांना ती सोसत असे. आजच्या गाडीत बॅटरी विजेचे झटके गिळण्याचेही काम करते. ती अचानक बाजूला झाली की व्होल्टेज क्षणात उसळते आणि डायनेमोचे डायोड किंवा थेट इंजिनचा संगणक जळू शकतो. हजार-पाचशेंची तपासणी वाचवण्याच्या नादात होणारे हे नुकसान कोणत्याही वॉरंटीत बसत नाही.

बदलल्यानंतर

घड्याळ, ट्रिप आणि सरासरी मायलेजचे आकडे पुन्हा लावून घ्यावेत. त्यात काळजीचे काही नाही. कंपनीच्या मूळ म्युझिक सिस्टिमने कोड मागितल्यास तो बहुधा कागदपत्रांसोबतच्या कार्डावर असतो. अंदाजाने आकडे दाबत बसू नये, कारण काही चुकीच्या प्रयत्नांनंतर सेट स्वतःला बंद करून घेतो.

काचेविषयी जरा सविस्तर लिहितो. चोपड्याच्या एका ग्राहकाची काच एकदा बटण दाबून पूर्ण वर जाईना. एका वर्कशॉपमध्ये त्यांना मोटर बदलण्यास सांगण्यात आले आणि ते मोटरचा भाव विचारण्यासाठी आमच्याकडे आले. आम्ही इग्निशन चालू करून काच पूर्ण खाली नेली, बटण वर ओढून काच बंद केली आणि बंद झाल्यावरही बटण तसेच काही सेकंद ओढून धरले. काच सुरळीत चालू लागली. काच कुठे संपते, ही वरची हद्द मोटरचे युनिट विसरले होते, एवढेच. हाच प्रकार प्रत्येक दाराला वेगळा करावा लागतो. सनरूफलाही अशीच शिकवणी लागते, मात्र तिची रीत गाडीगणिक बदलते. ती गाडीच्या पुस्तिकेत पाहावी.

स्टीअरिंगचा किंवा घसरणरोधक यंत्रणेचा पिवळा दिवा लागल्यास इंजिन चालू ठेवून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे, मध्यावर आणावे आणि मोकळ्या रस्त्यावर सरळ काही अंतर गाडी चालवावी. बहुतेक गाड्यांत दिवा विझतो. तरीही न विझल्यास स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडून त्यातील नोंदी वाचणारे यंत्र, लावावा लागेल.

इंजिनच्या थरथरण्याचे कारण असे की, हवा किती आणि इंधन किती याच्या बारीक नोंदी संगणक रोजच्या चालवण्यातून साठवत असतो आणि त्या पुसल्या गेलेल्या असतात. एसी बंद ठेवून इंजिन गरम होईपर्यंत आणि त्यानंतरही काही मिनिटे ॲक्सिलरेटरला पाय न लावता चालू ठेवावे, मग एसी लावून तेवढाच वेळ थांबावे. पुढच्या दोन-तीन दिवसांच्या नेहमीच्या फेऱ्यांत उरलेले शिकणे पूर्ण होते. ऑटोमॅटिक गाडीचे गिअरही या काळात किंचित झटक्याने पडू शकतात. चेक इंजिनचा दिवा घालवण्यासाठी बॅटरी काढून लावण्याची युक्ती काहींना माहीत असते. तिने दिवा जातो, बिघाड राहतो.

वजा टर्मिनलवर लहान चौकोनी सेन्सर असलेल्या गाड्यांत बॅटरीत किती वीज आली आणि गेली याचा हिशेब ठेवला जातो. यांतील काही गाड्यांना नवी बॅटरी बसल्याचे स्कॅनरने कळवावे लागते, अन्यथा संगणक जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशेबानेच चार्जिंग करत राहतो. अशा गाडीत डॅशकॅम, हॉर्न किंवा चार्जरची काळी वायर थेट वजा टर्मिनलला जोडू नये, बॉडीच्या अर्थिंगला जोडावी, म्हणजे तिचा करंट सेन्सरमधून मोजला जातो.

गाडी उभी राहणार असेल तर

अनेक कुटुंबांत कर्ता मुलगा सुरतेला किंवा पुण्याला असतो आणि गाडी गावी पटांगणात उभी असते. बंद गाडीही घड्याळ, अलार्म आणि रिमोटसाठी साधारण ५० मिलिअँपिअर करंट घेते, म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. या हिशेबाने ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन आठवड्यांत निम्म्यावर येते, आणि पार्किंगमध्येही चालू राहणारा २५० मिलिअँपिअरचा डॅशकॅम असेल, तर तीन दिवसांत. आठवड्यातून एकदा जागेवर पाच मिनिटे इंजिन चालवल्याने ही तूट भरत नाही. अर्धा-पाऊण तास रस्त्यावर गाडी चालवावी, नाहीतर निघतानाच वजा टर्मिनल काढून ठेवावे आणि परतल्यावर वर सांगितलेली शिकवणी पुन्हा करावी.

जुनी बॅटरी

बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही. ती आमच्याकडे जमा केल्यास तिची रक्कम बिलातून वजा केली जाते. ॲसिड गटारीत ओतून शिसे काढणाऱ्यांना ती विकू नये, मग ते शंभर रुपये जास्त देत असले तरी.

वॉरंटीच्या तक्रारीसाठी बिल आणि वॉरंटी कार्ड सोबत आणावे. तपासणीसाठी शक्यतो सकाळी यावे, आणि येण्यापूर्वी घरी मीटर असेल, तर इंजिन चालू करण्याआधीचा आकडा लिहून आणावा, कारण आमच्या दारात पोहोचेपर्यंत रस्त्यातल्या चार्जिंगने तो बदललेला असतो.