वादळाचा इशारा आणि हिवाळ्याचा अंदाज

१४ नोव्हेंबर १८५४ रोजी क्रिमियाच्या युद्धात काळ्या समुद्रातल्या ब्रिटिश-फ्रेंच जहाजांची वादळाने दाणादाण उडवली. ल व्हेरिए या फ्रेंच खगोलज्ञाने युरोपभरच्या वेधशाळांकडून नोंदी मागवल्या. वादळ पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत आलेलं निघालं. तारायंत्र तोपर्यंत आलेलं होतं, म्हणजे इशारा देता आला असता.

तो देण्याचं काम ब्रिटनमध्ये रॉबर्ट फिट्झरॉय यांनी अंगावर घेतलं. डार्विनला घेऊन गेलेल्या ‘बीगल’चे हेच कप्तान. १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात शेकडो माणसांसह बुडालं. फेब्रुवारी १८६१ पासून फिट्झरॉय यांच्या तारा बंदरांवर जाऊ लागल्या. तार आली की डोलकाठीवर शंकू चढवायचा, तो दिसला की खलाशी सावध. त्याच ऑगस्टमध्ये ‘द टाइम्स’मध्ये रोजचा अंदाजही छापून येऊ लागला आणि चुकला की टिंगल ठरलेली. १८६५ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढच्याच वर्षी इशारे आणि अंदाज, दोन्ही बंद झाले. इशारे वर्षभरात परतले. रोजच्या अंदाजाला मात्र १८७९ उजाडलं.

पुढचा टप्पा आकडेमोडीचा. ब्रिटिश गणितज्ञ लुइस रिचर्डसन यांनी हवेची समीकरणं हाताने सोडवून सहा तासांचा अंदाज काढला, तोही १९१० मधल्या, केव्हाच होऊन गेलेल्या एका दिवसाचा! उत्तर आलं, दाब १४५ मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात तो जेमतेम हलला होता. १९२२ मध्ये त्यांनी हे अपयश जसंच्या तसं छापलं. मला तरी हवामानशास्त्रातला हा सर्वांत प्रामाणिक आकडा वाटतो. १९५० मध्ये ‘एनिअॅक’ संगणकाने ही वाट खरी ठरवली. पण २४ तासांच्या अंदाजाला जवळपास २४ तासच लागले.

मग १९६१ मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेंझ यांनी संगणकावरच्या नकली हवामानात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ टाकलं आणि कॉफी प्यायला गेले. परत येऊन पाहतात तर नकली हवामान भलतीकडेच गेलेलं. सुरुवातीची एवढीशी तफावत पुढे सगळं उधळून लावते, म्हणून एखाद्या ठरावीक दिवसाचं हवामान साधारण दोन आठवड्यांपलीकडे सांगता येत नाही.

मग येणारा हिवाळा कसा सांगणार? त्याची वाट निराळी आहे. भारतातल्या वेधशाळांचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर मान्सूनच्या अंदाजासाठी जगभरचे आकडे ताडून पाहत होते. त्यात त्यांना प्रशांत महासागराच्या दोन टोकांना हवेच्या दाबाचा झोपाळा सापडला: एकीकडे वाढला की दुसरीकडे उतरतो. १९६९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी तो एल निनोशी, म्हणजे दर काही वर्षांनी प्रशांत महासागराचं पाणी तापण्याशी, जोडला. समुद्र सावकाश तापतो, सावकाश निवतो, आणि वरच्या हवेला महिनोन् महिने एका बाजूला कलवत राहतो. त्यावरून थंडी कडक पडण्याची शक्यता किती, एवढं सांगता येतं. वादळ कोणत्या तारखेला येईल, हे नाही.

लोकांना मात्र तारीखच हवी असते. २००९ मध्ये ब्रिटिश हवामान खात्याने ‘बार्बेक्यूचा उन्हाळा’ येण्याची शक्यता अधिक म्हटलं आणि पाऊस झोडपत राहिला. पाठोपाठचा हिवाळा सौम्य असण्याकडे कल सांगितला, तर तीसेक वर्षांतली सर्वांत कडक थंडी पडली. मार्च २०१० मध्ये खात्याने जनतेसाठीचे हंगामी अंदाज थांबवले. वादळाच्या इशाऱ्यांना या खेपेला कुणी हात लावला नाही.