मुंगळ्याचं नाव नेमकं कोणत्या मुंगळ्याचं?

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत मुंगळ्यांची रांग वेलीवर चढताना दिसली, की जाणता बागायतदार खोडाची साल सोलून पिठ्या ढेकूण शोधतो. ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी मुंगळे येतात. या मुंगळ्याचं शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. पण हे नाव त्याचंच, हे कशावरून ठरतं? 'वर्णनावरून' असं बहुतेक जण सांगतील. ते बरोबर नाही. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार नाव बांधलेलं असतं ते नमुन्याला. शक्यतो एकाच टाचणीवरच्या एकाच मुंगीला.

डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियस यांनी १७८७ मध्ये हे नाव दिलं, ते तामिळनाडूतल्या तरंगंबाडीच्या नमुन्यावरून. तेव्हा ती डॅनिशांची वसाहत होती. मूळ नाव फॉर्मिका कॉम्प्रेसा. पुढे ही जाती कॅम्पोनोटस या प्रजातीत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) गेली. फॉर्मिका स्त्रीलिंगी, कॅम्पोनोटस पुल्लिंगी, म्हणून विशेषणाचं शेपूट बदललं: काळी मुंगी, पण काळा मुंगळा, तसंच. प्रजाती बदलल्याची खूण म्हणून फॅब्रिसियस आणि १७८७ हे दोन्ही कंसात लिहितात.

खरी गंमत पुढे आहे. जुने लेखक दोन ओळींचं लॅटिन वर्णन लिहीत आणि समोरच्या सगळ्या मुंग्या त्याच नावाखाली ठेवत. अशा समान दर्जाच्या नमुन्यांना सिनटाइप म्हणतात. समजा सहा सिनटाइप आहेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली चार एका जातीचे, दोन दुसऱ्या जातीचे निघाले. मग नाव कुणाचं? इथे लेक्टोटाइप लागतो. नंतरचा अभ्यासक सहांपैकी एक निवडतो, तसं छापून स्पष्ट जाहीर करतो, आणि त्या क्षणापासून नाव त्या एकाचं. उरलेले पाच पॅरालेक्टोटाइप. नावावर त्यांचा हक्क संपला. रीतसर झालेली निवड पुढे कुणाला आवडली नाही म्हणून बदलता येत नाही. अडचण अशी, की मुंग्यांच्या संग्रहात एकाच टाचणीवर तीन-तीन मुंग्या असतात. 'अमुक टाचणीवरची मुंगी' एवढं लिहून भागत नाही. 'सर्वांत वरची' हेही लिहावं लागतं. मूळ नमुने सगळेच नष्ट झाले असतील आणि खरोखर घोळ सोडवायचा असेल, तरच नवा नमुना, म्हणजे निओटाइप, नेमता येतो. तोही शक्य तितका मूळ ठिकाणाजवळचा.

नामधारक नमुना जातीचा आदर्श नसतो. तो फक्त नाव अडकवायची खुंटी. मुंगळ्याच्या एकाच वारुळात लहान डोक्याच्या आणि थोराड डोक्याच्या कामकरी मुंग्या असतात. खुंटी यांपैकी कुणीही होऊ शकते. बोलीतल्या नावाला अशी खुंटी नसते. लाल मुंगी अशुभ, काळी शुभ म्हणणाऱ्यांनी आधी कोणती लाल ते सांगावं. त्या एका शब्दाखाली कित्येक जाती येतात.

२००० पासून नव्या जातीचं नाव देताना होलोटाइप (नाव देणाऱ्यानेच ठरवलेला एकमेव नामधारक नमुना) किंवा सिनटाइप स्पष्टपणे ठरवावेच लागतात. म्हणून 'नवी मुंगी सापडली' या बातमीत पहिला प्रश्न हाच: होलोटाइप कुठे ठेवलाय? काम असं चालतं: एकाच वारुळातल्या बऱ्याच मुंग्या घ्यायच्या, काही डीएनएसाठी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायच्या. बाकीच्या त्रिकोणी कार्डाच्या टोकावर, मधल्या आणि मागच्या पायांच्या बुडाशी, पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाने चिकटवायच्या. गोंद थेंबभर जास्त झाला तर कंबरेची गाठ झाकली जाते, आणि ओळख पटवायला तीच लागते. लेबलावर गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. नुसतं 'नाशिक' लिहिलं तर शहर की जिल्हा, हे पन्नास वर्षांनी कुणालाच कळणार नाही.

भारतात जैवविविधता कायदा, २००२ नुसार नव्या जातीची माहिती नेमून दिलेल्या संस्थेला कळवून नमुने तिथे जमा करावे लागतात. एकुलता होलोटाइप घरच्या कपाटात ठेवला, तर संग्रहालयांचा जुना वैरी असलेल्या डर्मेस्टिड भुंग्याची अळी तो पोखरते. मागे उरते टाचणी, कार्ड आणि सुवाच्य लेबल.